आज मूल इंग्रजीत काय बोलेल?



सन २००० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं.
आपल्या हिंगोली जिल्ह्यातही.

इथल्या बंजारा तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं.
शाळेत आल्यावर ते मराठी शिकतं.
म्हणजे इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा!

तेव्हा गुरुजी, बाई, तासाचं नियोजन करताना आधी एक प्रश्न विचारा.
आज मूल इंग्रजीत काय बोलेल?
धडा कधी संपवायचा, हा प्रश्न नंतरचा.

समजा, तिसरीचा वर्ग आहे.
विषय आहे बाजार.
वसमतची, हिंगोलीची हळद मुलांच्या ओळखीचीच.
हळकुंड हातात घ्या.
म्हणा, ‘धिस इज टर्मरिक. इट इज यलो.’
मुलांना आधी नुसतं ऐकू द्या.
घाई नको.
मग लाल मिरची दाखवा.
वाक्य तेच ठेवा, शब्द बदला.
आता जोडीजोडीनं मुलं एकमेकांना विचारतील, ‘व्हॉट इज धिस?’
एक प्रश्न आणि दोन वाक्यं.
आठवड्याला एवढं उद्दिष्ट पुरे.

मूल अडलं, तर गोरमाटीत सांगू द्या, मराठीत सांगू द्या.
त्यानं इंग्रजी बिघडत नाही.
उलट, अर्थ पक्का होतो.

काही मुलं बोलणार नाहीत, नुसतं बोट दाखवतील.
तेही समजल्याचंच लक्षण.
त्यांची नोंद वेगळी ठेवा.
त्यांचं पुढचं उद्दिष्टही वेगळं ठेवा.

पुन्हा सांगते.
आज मूल इंग्रजीत काय बोलेल, हे आधी ठरवा.

आणि पालकहो, संध्याकाळी ‘किती पानं झाली?’ असं विचारू नका.
लेकराला जवळ घ्या आणि म्हणा, ‘आज इंग्रजीत काय शिकवलं? बोलून दाखव बरं!’