तीन महिन्यांची साखर
(करमाड येथील भाषण)



मधुमेहाच्या रोग्यास डॉक्टर 'तीन महिन्यांची साखर' तपासावयास सांगतात. वस्तुतः त्यात मोजले जाते ते साखर चिकटलेले हिमोग्लोबिन. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि तेवढ्या काळात साखर तिच्यावर आपली खूण उमटविते.

परंतु पेशीच लवकर मेली तर? सिकलसेल रोगात ती 10 ते 20 दिवसांत नष्ट होते. खूण उमटावयास अवधीच मिळत नाही. साखर वाढलेली असूनही आकडा कमी येतो. रोगी निर्धास्त राहतो आणि तिकडे डोळे व मूत्रपिंडे झिजत जातात.

ही गोष्ट परक्याची समजू नका. 1958 साली डॉ. शुक्ला व डॉ. सोलंकी यांनी नागपुरातून या दोषाची नोंद केली. विदर्भात तो आदिवासींप्रमाणेच आपल्या बौद्ध कुटुंबांतही आढळतो. तिकडून सोयरिकीने करमाडास आलेल्या, शेंद्र्याच्या कारखान्यांत कामास आलेल्या कोणाच्याही रक्तात तो असू शकेल. आईबाप दोघांकडून आला तर रोग; एकाकडूनच आला तर मनुष्य केवळ वाहक. यात पूर्वजन्मीचे पाप कसले? लपविण्यासारखे तर काहीच नाही.

वाहकाची पेशी बहुधा पूर्ण आयुष्य जगते. तेथे चुकतात ती काही यंत्रे. म्हणून वाहकाने प्रयोगशाळेत विचारावे, 'सिकलसेल असता तुमचा आकडा खरा येतो काय?' रोग असणाऱ्याने मात्र या आकड्यावर विसंबूच नये. उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर वरचेवर मोजावी, अथवा डॉक्टरांस फ्रुक्टोसामाइनच्या तपासणीविषयी विचारावे. ती मागील दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते आणि तांबड्या पेशीच्या आयुष्यावर अवलंबून नसते.