गाण्याच्या वाटेनं आलेला पुढारी

कुणाची गटाची बैठक आटोपली असेल, कुणी भाजी निवडत असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज लांबच्या मुलखातली गोष्ट सांगते, पण ऐकताना आपलं गाव आठवेल.

क्रिकेटमधला वेस्ट इंडीजचा संघ आपल्या पोरांना माहीत असतो. त्या संघात जमैका बेटाचेही खेळाडू असतात. या बेटाची राजधानी किंग्स्टन. तिथले एडवर्ड सिआगा यांची ही गोष्ट.

सिआगांचा जन्म १९३० सालचा. खात्यापित्या घरचा मुलगा. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकला. परत आल्यावर मात्र गरिबांची गाणी आणि भक्तीच्या रीती समजून घ्यायला खेड्यात आणि किंग्स्टनच्या झोपडवस्तीत जाऊन राहिला. त्यानं तिथली गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९५६ साली त्यांची तबकडी निघाली. पुढे त्यानं स्वतःची तबकड्यांची कंपनी काढली. जो हिग्ज आणि रॉय विल्सन या स्थानिक गायकांची तबकडी चांगली खपली. आपल्या गल्लीतल्या पोरांचं गाणं लोक पैसे देऊन विकत घेतात, हे वस्तीला दिसलं.

मग राजकारण आलं. १९६२ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, सिआगा पश्चिम किंग्स्टनमधून संसदेत निवडून गेले. तिथं बॅक-ओ-वॉल नावाची वस्ती होती. पत्र्याची, फळकुटांची खोपटी आणि पाण्याचे, संडासाचे हाल. मंत्री झालेल्या सिआगांच्या काळात ती पाडून टिवोली गार्डन्स ही पक्क्या घरांची वसाहत उभी राहिली. बाळंतपणाचं केंद्र झालं, समाजमंदिर झालं. नळाला पाणी आलं की बाईचा जीव किती हलका होतो, हे तुम्हाला काय सांगायचं!

पण बायांनो, खरी गोम इथंच आहे. बुलडोझर फिरला तेव्हा ज्यांची खोपटी गेली, त्यांतल्या अनेकांना नवं घर मिळालंच नाही. घरं गेली ती मुख्यतः सिआगांच्या पक्षाच्या माणसांना. विरोधी पक्षानंही आपल्या भागात तोच कित्ता गिरवला. मग प्रत्येक वस्ती एकेका पक्षाचा बालेकिल्ला झाली. पलीकडच्या गल्लीत पाऊल टाकायची भीती, पोरांच्या हातात बंदुका. १९७८ साली गायक बॉब मार्ली यांनी भर कार्यक्रमात पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी नेते सिआगा यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. तरीही १९८० च्या निवडणुकीच्या वर्षी सुमारे ८०० माणसं मारली गेली. किती आयांची कूस उजाड झाली असेल!

ती निवडणूक जिंकून सिआगा पंतप्रधान झाले आणि १९८९ पर्यंत त्या पदावर राहिले. पश्चिम किंग्स्टनचे लोक त्यांना २००५ पर्यंत, तब्बल ४३ वर्षं, निवडून देत राहिले. २०१९ साली, ८९ व्या वाढदिवशीच, ते वारले.

या माणसाला चांगलं म्हणावं की वाईट? मला वाटतं, दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडावेत. गरिबाच्या गाण्याला त्यांनी मोल मिळवून दिलं, त्याबद्दल त्यांना मान द्यावा. घरं बांधली, तेही जमेला धरावं. पण घर हक्कानं न मिळता उपकार म्हणून मिळालं की त्याचं भाडं कधीच फिटत नाही. ते मतानं फेडावं लागतं, आणि कधी पोटच्या पोरानं.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाईल तेव्हा मागे बसू नका. आपलं नाव आहे का, हे बघाच. पण पलीकडच्या आळीतल्या, दुसऱ्याला मत देणाऱ्या गरजू बाईचं नाव सुटलंय का, हेही विचारा. तिच्यासाठी उठलेला आपला आवाज उद्या आपल्याच कामी येतो.

येते मी. राम राम.