पाण्याच्या गावाहून कोरड्या गावी

(शेंद्रा येथील साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



तुमच्यापैकी काही जण मूळचे शेंद्र्याचे आहेत. काही जण कारखान्यांत काम मिळाले म्हणून बाहेरून आले आहेत. आम्हीही बाहेरचेच. आमचे सारे आयुष्य कोकणात मास्तरकी करण्यात गेले. मुलाला इथे नोकरी लागली. तो म्हणाला, "बाबा, आता इकडेच चला." आम्ही दोघे नवराबायको आलो. येताना भांडीकुंडी आणली, पुस्तके आणली. कोकणातल्या सवयीही आणल्या. आज त्या सवयींविषयीच बोलायचे आहे.

कोकणात आमच्या परसात विहीर होती. रात्रीचे पाणी सकाळी शिळे म्हणून ओतून द्यायचे आणि ताजे भरायचे, अशी घरची रीत. इथे आल्यावरही आम्ही तेच केले. चैत्र महिना होता. वस्तीवर एक दिवसाआड टँकर येई. सकाळी आम्ही कळशी उचलली आणि अंगणात ओतू लागलो. शेजारच्या आजीबाई धावत आल्या. त्यांनी कळशीखाली आपली बादली धरली. म्हणाल्या, "गुरुजी, पाणी कुठं शिळं होतं का? टाकू नका. म्हशीला तरी होईल."

त्या रागावल्या नाहीत. म्हणूनच आम्हाला जास्त लाज वाटली.

पुढे कळले ते त्याहून वाईट होते. आजीबाईंची नात पाचवीत होती. टँकर यायचा त्या दिवशी ती शाळेत जात नसे. घरची माणसे कामावर जात. पोर रांगेत हंडे लावून बसून राही. आम्ही तीस वर्षे मुलांची हजेरी घेतली. पुष्कळ मुलांपुढे 'गैरहजर' असे लिहिले. ते मूल कशापायी आले नाही, हे दर वेळी विचारले असे नाही. आता ते डोळ्यांनी पाहिले. आम्ही ओतलेली कळशी म्हणजे कुणाच्या तरी पोरीचा शाळेचा दिवस होता.

मग आम्ही चौकशी केली, वाचले, विचारले. इथे पाणी कमी का?

पहिले कारण आभाळात आहे. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि कोकणात रिते होतात. डोंगर ओलांडून इकडे येते ते उरलेसुरले. कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे सरासरी ७०० च्या आसपास. तोही नेमाने पडेल असे नाही.

दुसरे कारण जमिनीत आहे. आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी साठते ते फक्त भेगांत आणि वरच्या मुरमात. म्हणून एकाच्या बोअरला पाणी लागते आणि शेजाऱ्याच्या बोअरमधून नुसता धुरळा उडतो. अधिक खोल गेले म्हणजे अधिक पाणी मिळेल, असा भरवसा नाही.

कोणी म्हणेल, पैठणला जायकवाडी धरण आहे ना! आहे. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली त्याची पायाभरणी केली. १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. त्या नाथसागराचे पाणी शहराला जाते, शेताला जाते, कारखान्यांनाही जाते. त्याच्यासाठी किती गावांनी आपली घरे सोडली! पण तो जलाशय पसरट आहे. उन्हाळ्यात त्याचे बरेच पाणी वाफ होऊन उडून जाते. आणि वर नाशिक-नगरकडे पाऊस झाला नाही, तर खाली धरण भरत नाही. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला दारूच्या कारखान्यांचे पाणी कमी करण्याचा हुकूम द्यावा लागला. त्याच उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी नेले. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते. लातूरसारख्या शहराला ते किती दिवस पुरणार?

दुष्काळ आपल्याला नवा नाही. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. सुकडी खाऊन खडी फोडलेली माणसे आहेत. त्याच्याही फार पूर्वी मलिक अंबराने खडकी शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. नव्या शहरात माणसे यायची, तर पाणी आधी हवे, हे त्याने ओळखले. जमिनीखालून नहरी खोदून त्याने पाणी आणले. आपण मात्र आधी माणसे आणतो आणि मग पाणी शोधतो.

आता एका गावाची गोष्ट ऐका. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हिवरे बाजार नावाचे गाव आहे. तिथेही पाऊस थोडाच. पूर्वी लोक गाव सोडून पोटासाठी बाहेर जात. पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने डोंगरावर चर खोदले, बांध घातले, झाडे लावली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. आपण घरखर्चाचा हिशेब मांडतो, तसा ते गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला ते मोजायचे. आधी पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, मग जनावरांचे. उरेल त्यावर कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस लावायचा नाही, असे गावाने ठरवले आणि पाळले. बाहेर गेलेली माणसे परत आली. आभाळ तेच राहिले, हिशेब मात्र बदलला.

तुम्ही आता अक्षरे आणि आकडे शिकला आहात. चला, आपणही हिशेब करू. सरकारी योजनेत खेड्यातल्या माणसामागे रोज ५५ लिटर पाणी धरतात. घरात पाच माणसे असतील, तर रोजचे २७५ लिटर झाले. पाणी आठ दिवसांनी येणार असेल, तर २२०० लिटर साठवावे लागेल. म्हणजे २०० लिटरची ११ पिंपे! एवढी पिंपे कोणाकडे आहेत? म्हणजे ५५ लिटरही आपल्याला मिळत नाहीत. म्हणून मिळेल ते जपून वापरायचे.

ते कसे? आम्ही करतो ते सांगतो. भांडी वाहत्या नळाखाली न धुता दोन घमेल्यांत धुतो. धुण्याचे शेवटचे पाणी झाडाला घालतो. पिंपावर घट्ट झाकण ठेवतो. उघड्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास होतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून घासतो आणि कोरडे ठेवतो. त्यातले पाणी आधीच वापरून संपवतो. पिण्याचे पाणी उकळतो. ते लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढतो, हात बुडवत नाही.

छपराचे पाणी धरतो. ५० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ३५,००० लिटर पाणी होते. थोडे वाया जाईल. तरी उरलेले बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडले, तर जमिनीचे देणे थोडे फिटते.

नव्याने आलेल्या बांधवांनो, आधी शेजाऱ्याला विचारा, 'पाणी कधी येते? किती येते? नंबर कसा लागतो?' मग हंडा लावा. भाडे भरले म्हणून आपण पाण्याचे मालक होत नाही.

आणि जुन्या मंडळींनो, तुम्हालाही एक विनंती. चैत्रात इथे मांगीरबाबांची यात्रा भरते. दूरदूरची माणसे येतात. तहानलेल्याला तुम्ही 'कुठला रे तू?' असे विचारता का? मग कामासाठी आलेल्याला 'तुम्ही आलात आणि पाणी संपले' असे म्हणू नका. तोही पोटासाठीच आला आहे. त्याला रीत शिकवा. आजीबाईंनी आम्हाला शिकवली तशी. नुसती बादली पुढे धरून.

त्या आजीबाईंच्या नातीचे काय झाले? आमच्या गल्लीतल्या सात घरांनी पाळी लावली. टँकरच्या दिवशी ज्याच्या घरी मोठे माणूस असेल, ते सर्वांचे हंडे भरते. आमच्याकडे रिकामा वेळ आहे. म्हणून दोन पाळ्या आम्ही घेतो. पाठ दुखते, पण चालते. पोर आता सातवीत आहे. परवा तिच्या शाळेत गेलो होतो. गुरुजींनी हजेरीचे पुस्तक दाखवले. टँकरच्या दिवशीही तिच्या नावापुढे 'हजर' लिहिले होते.

तुमच्या गल्लीत अशी पाळी आहे का? नसेल तर आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. घरांची नावे लिहा. तुम्हाला आता लिहिता येते.