खासगी विद्यापीठाचे दार



समाजशास्त्रे शिकावयास आपली मुले लहान खासगी विद्यापीठांकडे वळतात. वर्गात विद्यार्थी थोडे, अध्यापकांशी मोकळा वाद. हे मोलाचे आहे. पण शुल्काचे काय? बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले तेही खासगीच. तेथे त्यांना बडोद्याच्या शिष्यवृत्तीने नेले.

घटनेचे कलम १५(५) हे २००६ साली अंमलात आले. विनाअनुदानित संस्थांतही राखीव जागांचा कायदा करण्याचा अधिकार त्याने शासनास दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तो वैध ठरविला. परंतु अधिकार म्हणजे जागा नव्हे! त्यासाठी कायदा हवा, आणि २००६ चा केंद्राचा कायदा केंद्रीय संस्थांपुरताच आहे.

तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी त्या विद्यापीठाचा स्थापना-कायदा मिळवून वाचा. राखीव जागा व शुल्कसवलत त्यात नसेल, तर आपल्या आमदारास लेखी जाब विचारा.