गाडीची वही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या पिंपळगाव बसवंतला हंगाम कसा गेला हे बाजार समितीत जाऊन विचारावं लागत नाही. टोमॅटोला भाव सापडला की दिवाळीत नव्या मोटारसायकली दिसतात आणि द्राक्षं सुखरूप बाहेर पडली की पाडव्याला चारचाकींना झेंडूचे हार पडतात. त्यातही गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवा प्रकार आमच्या निफाड तालुक्यात रुळला आहे. दिसायला उंच, लांबीने साडेचार मीटरच्या आसपास, बोनेटवर परदेशी कंपनीचं चिन्ह आणि किंमत एका चांगल्या बंगल्याच्या पायाइतकी. बाजारात तिला 'कॉम्पॅक्ट लक्झरी एसयूव्ही' म्हणतात. आमच्याकडे नुसतं 'मोठी गाडी' म्हणतात.

अशी एक गाडी आमच्या दारात आहे. चावी मुलाकडे असते, पण वही माझ्याकडे. बागेचा, मजुरीचा, औषधांचा हिशेब मी लग्न झाल्यापासून लिहिते. गाडी आली त्या दिवशी तिच्या नावाने दोनशे पानी वेगळी वही घातली. आज बोलणार आहे ते त्या वहीतून. कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण या जातीच्या सगळ्या गाड्यांचे गुण आणि खोडी थोड्याफार फरकाने सारख्याच आहेत.

आपल्या भागाला गाड्यांचं वेड आजचं नाही. जीप तर शेतकऱ्याच्या घरातली माणूसच होती. २००२ साली आलेली स्कॉर्पिओ आपल्या नाशिकच्याच कारखान्यात बनली, त्यामुळे ती परकी कधी वाटलीच नाही. पुढे परदेशी नावाच्या गाड्यांची जुळणीही महाराष्ट्रात होऊ लागली, ऑडीची औरंगाबादजवळ शेंद्र्याला आणि मर्सिडीजची चाकणला. २०१० साली औरंगाबादच्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर त्याची बातमी झाली. कौतुक झालं, तशी टीकाही झाली. टीकेचा मुद्दा असा होता, की या गाड्यांच्या कर्जावरचं व्याज ट्रॅक्टरच्या कर्जापेक्षा कमी कसं? तो प्रश्न माझ्या मनात राहून गेला. त्याच्याकडे पुन्हा येते.

आम्ही गाडी घेतली ती २०२३ च्या पाडव्याला, आणि तीही तीन वर्षं वापरलेली. मुलाचं मन नव्या गाडीवर होतं. मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला आपल्या राज्यात पंधरा टक्के रस्ता कर बसतो, पेट्रोलला तेरा. तो पैसा परत येत नाही. शिवाय विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जो घसारा धरतात त्याचा तक्ताच आहे. सहा महिन्यांच्या आत पाच टक्के, वर्षाच्या आत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीन वर्षांपर्यंत तीस आणि चार वर्षांपर्यंत चाळीस. म्हणजे पहिल्या मालकाने तीन वर्षांत जे गमावलं, ते आपल्याला कमावायची गरज पडत नाही. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी सरसकट चाळीस टक्के झाला आणि नव्या गाड्या काहीशा उतरल्या, तरी घसाऱ्याचं गणित बदललेलं नाही.

जुनी गाडी घेताना मात्र डोळे उघडे हवेत. सर्व्हिसिंगची सगळी नोंद मागून घ्यावी. आधीचा विम्याचा दावा किती आणि कशाचा, ते विचारावं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. टायर नवे दिसतात, पण वय लपत नाही. आधीच्या मालकाचं कर्ज असेल, तर बँकेचा बोजा उतरवल्याचा पस्तीस नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय व्यवहार पूर्ण समजू नये.

आता सुखाच्या गोष्टी आधी सांगते, कारण त्याही खऱ्या आहेत. महामार्गावर ही गाडी रस्ता धरून चालते. शेजारून कंटेनर गेला तरी हलत नाही. आतली शांतता अशी, की मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाईंचं बोलणं पहिल्यांदाच सगळ्यांना नीट ऐकू येऊ लागलं. याचे फायदे-तोटे दोन्ही आहेत! रात्री दिव्यांचा उजेड लांबवर पडतो. आमच्या रस्त्यांवर हंगामात पाठीमागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात, तिथे त्या उजेडाची किंमत कळते. आणि सीटची उंची. कारसारखं खाली वाकायला नको, जीपसारखं वर चढायला नको. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हीच खरी लक्झरी.

पण ही गाडी बनवणाऱ्यांनी पिंपळगाव पाहिलेलं नाही, हेही तितकंच खरं.

पहिला धडा टायरचा. या गाड्यांचे टायर रुंद असतात, पण त्यांची भिंत बुटकी. डांबरी रस्त्याला उत्तम, शिवाररस्त्याला नाजूक. बागेच्या बांधाशी एका धारदार दगडाने टायर बाजूने कापला. बाजूने कापलेल्या टायरला पंक्चर काढून भागत नाही. डिकी उघडली तर स्टेपनीच्या जागी हवा भरायचा पंप आणि रसायनाची बाटली. कित्येक गाड्यांत पूर्ण आकाराची स्टेपनी नसतेच. त्या मापाचा टायर नाशिकमध्ये त्या दिवशी मिळाला नाही, दोन दिवसांनी आला. तोपर्यंत गाडी बांधावर उभी आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, 'काय, मोठी गाडी बसली का?' तेव्हापासून बागेत जायला जुनी जीप, हा घराचा नियम.

दुसरा धडा उंदरांचा. गाडी कांदाचाळीच्या शेजारी लावायचो. चाळीतले उंदीर रात्री इंजिनच्या उबेला जायचे. वायरी कुरतडल्या आणि सकाळी पडद्यावर एकदम पाच-सहा इशारे. या गाडीत वायरिंगचा एक तुकडा बदलणं हे जीपला नवीन वायर जोडण्यासारखं काम नाही. नाशिकला न्यावं लागलं, तेही दुसऱ्या गाडीवर चढवून. त्यानंतर गाडी चाळीपासून लांब, उघड्या पत्र्याखाली उभी राहू लागली.

तिसरा धडा धुराच्या जाळीचा, आणि तो प्रत्येक डिझेल गाडीवाल्याने ऐकावा असा आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी एक जाळी असते. ती भरली की गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापावं लागतं. घर ते मार्केट, मार्केट ते बँक, एवढ्याशा फेऱ्यांत ते तापतच नाही. मग पिवळा दिवा लागतो. कारागिराने सांगितलं, 'ताई, हिला वीस-पंचवीस मिनिटं हायवेला एका वेगात पळवा.' पहिल्या वर्षी तो दिवा लागला, की आम्ही सासूबाईंना घेऊन चांदवडच्या रेणुकामातेला जायचो. जाळीही साफ आणि दर्शनही. सासूबाईंना पुढे पुढे दिव्याची वाट पाहायची सवय लागली.

याच जातीच्या काही डिझेल गाड्यांत निळ्या झाकणाखाली आणखी एक द्रावण भरावं लागतं. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं. शेतकऱ्याच्या घरात 'युरिया' हा शब्द फार ओळखीचा, म्हणून हात जोडून सांगते, शेतातला युरिया पाण्यात कालवून तिथे ओतू नका. खताच्या युरियाला कडुनिंबाचं आवरण असतं. गाडीची सगळी यंत्रणा त्याने खराब होईल.

विम्याचंही एक सांगायला हवं. साध्या विम्यात प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचा निम्माच खर्च मिळतो, आणि या गाडीचा पुढचा सगळा बंपर प्लॅस्टिकचा, त्यात बसवलेली यंत्रं वेगळी. म्हणून घसारामुक्त विमा घ्यावा. ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा चालू करून बघू नये. इंजिनात पाणी ओढलं गेलं की खर्च लाखांत जातो, आणि इंजिनासाठीचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर तो बहुधा आपल्याच खिशातून.

आता त्या कर्जाच्या प्रश्नाकडे येते. कर्ज स्वस्त की महाग हा प्रश्न आहेच, पण आमच्यासाठी त्याहून मोठा प्रश्न वेळेचा आहे. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो आणि हप्ताही महिन्याला जातो. आमचा हप्ता महिन्याला जातो आणि द्राक्ष वर्षातून एकदा येतं. काही बँका शेतकऱ्याला सहामाही हप्ता बांधून देतात, पण ते आपण होऊन विचारावं लागतं. आमची अट मी घेतानाच घातली होती. गाडीचा खर्च टोमॅटोच्या पैशातून, आणि द्राक्षाच्या पैशाला गाडीने हात लावायचा नाही. टोमॅटोची पट्टी आली की वर्षाचे हप्ते आधी बाजूला काढायचे.

त्याच वर्षी, नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी, अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या. निफाड तालुक्यातल्या कितीतरी बागा झोडपल्या गेल्या, त्यात आमचीही होती. हप्त्यांचे पैसे बाजूला होते, पण पीक कर्ज समोर उभं राहिलं. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं, तर सात टक्के व्याजातले तीन टक्के केंद्राकडून सुटतात आणि उरलेल्याला राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा आधार मिळतो. मुदत चुकली की दोन्ही सवलती गेल्या, आणि पुढचं कर्जही अडलं. यजमान म्हणाले, गाडी विकून टाकू. मुलगा काही बोलला नाही. व्यापारी बघूनही गेला.

त्याच आठवड्यात माझ्या सासऱ्यांना, नानांना, डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. आठवड्यातून दोनदा नाशिक, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. येताना माणूस पार गळून गेलेला असतो. रात्री सगळे बसलो असताना नानाच म्हणाले, 'जीप विका. मला आता तिच्यात चढवत नाही.' ती जीप त्यांनी स्वतःच्या पहिल्या द्राक्षांच्या पैशातून घेतली होती. जीप गेली, बागेत थोडा माल वाचला होता त्याचे पैसे आले, आणि पीक कर्ज मुदतीत भरलं. मोठी गाडी राहिली. आता बागेत आम्ही पायी जातो, नाहीतर मोटारसायकलवर.

श्रोतेहो, अशी गाडी घ्यावी की नाही, असं मला बायका हळदी-कुंकवालाही विचारतात. मी त्यांना तीन प्रश्न विचारते. एक वर्ष पीक गेलं, तर हप्ता कुठून येईल? महिन्यातून चार वेळा तरी ती लांब पळेल का, की नुसती मार्केटला जाईल? आणि घरात ती नेमकी कुणाला हवी आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर थांबावं. दुसऱ्याचं 'नाही' असेल, तर पेट्रोलची घ्यावी किंवा साधी घ्यावी. तिसऱ्याचं उत्तर 'लग्नाच्या मांडवापुढे लावायला' असं असेल, तर भाड्याने आणावी, ती धुऊन-पुसून आणि ड्रायव्हरसकट येते.

वहीची शेवटची काही पानं आता एकसारखी आहेत. सोमवार, नाशिक, डिझेल. गुरुवार, नाशिक, डिझेल. ओझरचा विमानतळ मागे पडेपर्यंत नाना झोपलेले असतात, गाडी एका वेगात चाललेली असते. तो पिवळा दिवा पुन्हा लागलेला नाही. सासूबाई मधूनच विचारतात, 'चांदवडला कधी जायचं?' आता दिव्याची वाट न पाहताच जाऊन येऊ, असं ठरवलं आहे.