गर्भातलं हिमोग्लोबिन

पावसाळा सरला की कर्जत-खालापूरच्या वाड्यांतली अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर कामाला निघतात. ऊन, धग, अंगमेहनत, अपुरं पाणी. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णाला नेमक्या याच गोष्टी बाधतात. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं असह्य ठणकतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही वाकलेली पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते.

दोष हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या अवघ्या एका अक्षराचा. गंमत अशी, की गर्भात बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि त्यात हा दोष नसतोच. जन्मानंतर बीसीएल११ए हे जनुक हळूहळू त्याची निर्मिती जवळजवळ थांबवतं. म्हणून पहिले काही महिने आजार दिसत नाही. मग या जनुकालाच आवरलं तर? त्यातूनच कॅसजेव्ही हा जनुक-संपादनाचा उपचार आला. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने त्याला मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर! वाडीसाठी ती तूर्त बातमीच. हाताशी आहे ते हायड्रॉक्सीयुरिया. तेही गर्भातलंच हिमोग्लोबिन वाढवतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

सदोष जनुकाची एकच प्रत असलेला वाहक सहसा ठणठणीत असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. आई-वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजाराची शक्यता चारात एक. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्यांची तपासणी होते. बोटातलं थेंबभर रक्त पुरतं. भट्टीवर निघण्याआधी, वाडीत असतानाच आशाताईंना या तपासणीबद्दल विचारा.