आपलेच काम आपल्याला सापडत नाही



 

‘मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन संशोधनसाधने’ हा विषय मला या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणासाठी दिला आहे. साधनांची आज वानवा नाही. पबमेड १९९७ पासून सर्वांना विनाशुल्क खुले आहे. गूगल स्कॉलर २००४ मध्ये आले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे सायकइन्फो सशुल्क आहे, पण सायआर्काइव्हवर छापण्याआधीचे शोधनिबंध फुकट वाचता येतात. इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट महाविद्यालयांसाठी आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सुमारे १३ हजार नियतकालिके शासकीय शिक्षणसंस्थांसाठी आहेत. पुढची यादी कोणताही चांगला ग्रंथपाल अर्ध्या तासात समजावून देईल. मी ती इथेच थांबवते, कारण कित्येक वर्षे बोलायचे राहून गेलेले आज बोलायचे आहे.

या साधनांत जगाचे संशोधन सापडते. आपले सापडत नाही.

मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची सहा प्रमुख नियतकालिके तपासून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. २००३ ते २००७ या काळातल्या शोधनिबंधांत ६८ टक्के नमुने एकट्या अमेरिकेतले होते, आणि पाश्चात्त्य औद्योगिक देश मिळून ९६ टक्के. हे आकडे आपण दरवर्षी वर्गात सांगतो आणि हळहळतो. मग त्यांना उत्तर देणारे आपले काम कुठे आहे? ते विभागाच्या कपाटात आहे. एम.ए.ची मुले ऊसतोड कामगारांच्या मुलांवर, वारीला जाणाऱ्या वृद्ध स्त्रियांवर, स्पर्धा परीक्षेसाठी शहरात खोली घेऊन राहणाऱ्या तरुणांवर मन लावून लघुप्रबंध लिहितात. तोंडी परीक्षा होते, बांधणीवर सोनेरी अक्षरे उमटतात आणि कपाटाला कुलूप लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीत पीएच.डी.च्या प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली, म्हणून ते शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात येतात. लघुप्रबंधांना असा वाली नाही.

तालुक्याच्या गावाहून एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. शेतकरी कुटुंबांतल्या बायकांच्या नैराश्यावर तिला काम करायचे होते. तिने एक इंग्रजी मापनी मराठीत आणली, दुसऱ्या जाणकाराकडून ती पुन्हा इंग्रजीत करून घेतली, दोन्ही पाठ ताडून पाहिले, तज्ज्ञांना दाखवले, वस्त्यांवर फिरून पूर्वचाचणी घेतली. वर्ष त्यातच गेले. तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक सहज म्हणाले, “ही मापनी आमच्या एका विद्यार्थ्याने मागेच मराठीत केली आहे. विश्वसनीयताही चांगली आली होती.” त्या मुलीचे वर्ष कोणी वाया घालवले? तिने तर नक्कीच नाही.

सकाळच्या सत्रात वाद झाला, की हल्लीची मुले ग्रंथालयाची पायरी चढत नाहीत, गूगलवर विसंबतात. ही मुलगी ग्रंथालयात गेली होती, ग्रंथपालबाईंना भेटली होती, ओळखीच्या विभागांत फोन करून विचारत होती. नोंदच कुठे केलेली नसेल, तर ती गूगलवर सापडणार नाही आणि ग्रंथालयातही सापडणार नाही. मुलांना दोष देणे आता पुरे झाले.

अशी नोंद खुली करावी म्हटले, की दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. चाचण्या खुल्या केल्या तर प्रश्न फुटतील, आणि मूळ प्रकाशकाच्या हक्कांचे काय? प्रश्न खुले करा, असे मी म्हणतच नाही. मापनीचे नाव, मराठी रूप कोणी केले, नमुना कोणता, विश्वसनीयता आणि वैधता किती, मूळ लेखकाची परवानगी आहे का, प्रत कोणाकडे मागायची, एवढी नोंद हवी. आणि फुटण्याचे म्हणाल, तर समुपदेशन केंद्रांत मी वर्षानुवर्षे झेरॉक्सच्या झेरॉक्स पाहिल्या आहेत. भाषांतर कोणाचे ते माहीत नाही, गुणांकनाची किल्ली हरवलेली, मानकांचा पत्ता नाही, आणि तेवढ्यावर माणसाच्या मनाविषयी अहवाल लिहिले जातात. आपल्या लपवाछपवीने चाचण्या सुरक्षित राहिल्या नाहीत, फक्त निनावी झाल्या.

याउलट, व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमत्ता चाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले आणि १९४० मध्ये ते काम पुस्तकरूपाने छापले. म्हणूनच बिने-कामत चाचणी पुढच्या पिढ्यांच्या हाती राहिली, आणि तिची मानके जुनी झाली अशी टीकाही आपल्याला करता आली. कपाटातल्या कामावर कोणी टीका करत नाही, त्याला कोणी पुढेही नेत नाही. अशाने शास्त्र वाढत नाही.

परिषदेने मराठी मापन्यांची आणि लघुप्रबंधांची एक खुली सूची हाती घ्यावी. आपण काही मंडळी एकत्र बसून आराखडा करू, ग्रंथपालांना पहिल्या बैठकीपासून सोबत घेऊ. खर्चाचे आणि नियमांचे तपशील समिती ठरवील, त्यावर सवडीने बोलता येईल. पण कपाट उघडायला समितीची वाट पाहावी लागत नाही. ज्यांच्याकडे त्याची किल्ली आहे, ते आज याच सभागृहात बसले आहेत. त्यांनी विभागात परतल्यावर निदान शीर्षकांची यादी करावी. आणि विद्यार्थ्यांनो, तुमचा विषय नक्की होण्याआधी मार्गदर्शकांना ठणकावून विचारा, “सर, मॅडम, यावर आपल्याकडे आधी काय झाले आहे?” या प्रश्नाचे उत्तर मिळणे हा तुमचा हक्क आहे, आणि ते देणे हे आमचे काम आहे.